सदाचीच सर्दी? मग ती सर्दी नव्हे!

आपले घर, आपले आरोग्य



आमच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार बारमाही असते. ‘मुलाला सदाचीच सर्दी आहे. औषध दिले की चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. काय करावे?’ पत्रावरचा पत्ता कधी चाळीतला असतो, कधी झोपडपट्टीतला, तर कधी पुनर्वसनाच्या इमारतीतल्या सातव्या मजल्यावरचा. तक्रार मात्र तीच. म्हणून आज या विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

पहिलीच गोष्ट सांगतो. खरी सर्दी सदाची नसते. ती विषाणूमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. लहान मुलांना अशी सर्दी वर्षातून सहा-आठ वेळा होते. मूल बालवाडीत जाऊ लागले की आणखी एखाद-दोन वेळा होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण ज्या मुलाचे नाक महिनोन्महिने वाहते किंवा चोंदलेले राहते, ज्याला ताप नसतो, पण सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते, त्याला बहुधा नाकाचे वावडे असते. डॉक्टर त्यालाच नाकाची अ‍ॅलर्जी म्हणतात. आणि आपल्याकडच्या दमट हवेत या वावड्याचे एक मोठे कारण म्हणजे अंथरुणातल्या धुळीत राहणारा एक अतिसूक्ष्म जीव.

हे दुखणे जिवावरचे नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण त्याची किंमत मूल मोजत असते. नाक बंद असल्याने त्याला रात्रभर नीट झोप लागत नाही. मग ते वर्गात पेंगते, फळ्यावरचे अर्धेच उतरवते. गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. सोबतची पोरे म्हणतात, शेंबड्या. घरात म्हणतात, आळशी आहे. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी आईबाप ओव्हरटाइम करतात, धुणीभांडी करतात, ते मूल केवळ नाक बंद म्हणून मागे पडावे, हे आपल्याला परवडणारे नाही. शिवाय दर पंधरा दिवसांनी डॉक्टरची फी आणि अँटिबायोटिकची बाटली, हा खर्च वेगळाच. वावड्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ते जंतूंसाठी असते.

दिसत नाही, चावत नाही

हा जीव कोळी आणि गोचीड यांच्या जातकुळीतला. आठ पायांचा. इंग्रजीत त्याला माइट म्हणतात. आपण त्याला धूळकिडा म्हणू. तीन-चार किडे एका ओळीत ठेवले तर एक मिलीमीटर भरेल, इतका तो लहान. ढेकणासारखा तो रक्त पीत नाही, उवेसारखा अंगावर राहत नाही, चावतही नाही. आपल्या कातडीचा जो कोंडा रोज गळतो, तो त्याचे अन्न. हा कोंडा सर्वांत जास्त कुठे सापडेल? गादीत, उशीत, गोधडीत, चादरीत.

त्याला पाणी पिता येत नाही. हवेतला ओलावा तो अंगात शोषून घेतो. म्हणून जिथे हवा दमट तिथे तो फोफावतो आणि कोरड्या हवेत सुकून मरतो. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात त्याचे हाल होतात. पण मुंबई, ठाणे, कोकण या पट्ट्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा त्याची चंगळ असते. दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात एक मादी ६० ते १०० अंडी घालते.

वावडे खरे तर या किड्याच्या विष्ठेचे आणि त्याच्या मेलेल्या अंगाच्या चुऱ्याचे असते. विष्ठेचा एक कण म्हणजे मिलीमीटरचा पन्नासावा भाग. चादर झटकली, गादी उलटली की हे कण हवेत उडतात आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. किडा मेला तरी त्याचा चुरा अंथरुणात राहतो. म्हणून पावसाळा संपून हवा कोरडी झाली तरी मुलाचा त्रास लगेच थांबत नाही, उलट कधी वाढतो.

फुलांच्या परागकणांचे वावडे असते, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरने १८७३ मध्ये स्वतःच्याच अंगावर प्रयोग करून दाखवले होते. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द काढला. घरातल्या धुळीने काहींना त्रास होतो, हेही पुढे कळले. पण त्या धुळीतले नेमके काय बाधते, हे कोडे सुटायला १९६४ साल उजाडले. हॉलंडमधल्या लायडन या दमट शहरात फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा यांनी या किड्याकडे बोट दाखवले.

येथे एक गोष्ट आमच्या भगिनींना मुद्दाम सांगायची आहे. हा किडा असणे म्हणजे घर घाणेरडे असणे नव्हे. रोज झाडलोट होणाऱ्या घरातही तो असतो, श्रीमंतांच्या जाड गाद्यांत तर भरपूर असतो. त्याला हवा असतो ओलावा. तेव्हा ‘तू घर नीट ठेवत नाहीस म्हणून पोराला हे झाले,’ असे कोणी सासू किंवा नवरा म्हणत असेल, तर हा मजकूर त्यांना वाचून दाखवावा.

आईला जे दिसते ते डॉक्टरला दिसत नाही

या दुखण्याचे निदान यंत्राने सुरू होत नाही. ते घरातल्या माणसांच्या डोळ्यांनी सुरू होते. डॉक्टर मुलाला पाच मिनिटे पाहतात. आई त्याला चोवीस तास पाहते. तिने काय पाहावे?

एक, शिंका. एखाद-दुसरी नव्हे, एकामागून एक. बहुधा सकाळी उठताना, अंथरूण काढताना, घर झाडताना, किंवा ट्रंकेतले वर्षभर पडलेले ब्लँकेट बाहेर काढताना. दोन, नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव. तीन, खाज. नाकाला, डोळ्यांना, टाळूला, कानात. मूल तळहाताने नाक खालून वर चोळते. डॉक्टर गमतीने याला ‘अ‍ॅलर्जीचा सलाम’ म्हणतात. हा सलाम वर्षानुवर्षे चालला की नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ उमटते. आपल्याकडे नाक खाजवणारे मूल दिसले की ‘जंत झालेत’ म्हणून मोकळे होतात. जंताचे औषध जरूर द्यावे, पण नाकाची खाज त्याने जाईलच असे समजू नये. चार, नाक चोंदणे. मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, सकाळी तोंड कोरडे पडते. पाच, डोळ्यांखाली काळसर छटा. तिला आपण अशक्तपणा समजतो. पुष्कळदा ती बंद नाकामुळे साठलेल्या रक्ताची असते.

या पाचांतली दोन-तीन लक्षणे असली, ताप नसला आणि घरात आई, बाप किंवा भावंडाला दमा, इसब किंवा असेच वावडे असले, तर संशय बळावतो.

मुलाच्या वयाकडेही पाहावे. वावडे व्हायला शरीराची त्या वस्तूशी ओळख व्हावी लागते. म्हणून वर्ष-दीड वर्षाच्या आत नाकाचे वावडे क्वचितच आढळते. दोन-तीन वर्षांनंतर ते दिसू लागते आणि शाळेच्या वयात वाढते. तान्ह्या बाळाचे नाक वाजत असेल तर ते बहुधा नाजूक नाकातला शेंबूड किंवा विषाणूची सर्दी असते. त्याच्या नाकात तेल सोडू नये. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. धुरीही देऊ नये.

वावड्यासारखे दिसणारे दुसरे काही

प्रत्येक वाहणारे नाक धूळकिड्याच्या माथी मारणे हीसुद्धा चूकच. पुढील गोष्टी दिसल्या तर कारण दुसरे असू शकते.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येत असेल, तर मुलाने नाकात मणी, शेंगदाणा, खडू, फोमचा तुकडा असे काही घातले असण्याची दाट शक्यता. घरी चिमट्याने काढायला जाऊ नये, वस्तू आत सरकते. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्यावे. घड्याळातल्या बटनासारखा चपटा सेल घातल्याचा संशय असेल तर तासभरही थांबू नये, तो आतली कातडी जाळतो.

मूल बारा महिने तोंडाने श्वास घेते, मोठ्याने घोरते, झोपेत श्वास मध्येच थांबून दचकते, पण शिंका आणि खाज नाही, तर नाकामागच्या ग्रंथी वाढल्या असतील. त्यांना अ‍ॅडेनॉइड म्हणतात. त्यांचे निदान वेगळे, उपचार वेगळे. दोन्ही दुखणी एकाच मुलाला असू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

सर्दी दहा दिवसांनंतरही तशीच राहिली, किंवा बरी होता होता पुन्हा ताप आला आणि घट्ट पिवळा स्राव वाढला, तर सायनसमध्ये जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. नुसता हिरवा-पिवळा रंग मात्र पुरावा नव्हे. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा होतो.

चुलीचा, विडी-सिगारेटचा, डासांच्या कॉइलचा धूर, मिश्री भाजतानाचा धूर, बंद खोलीत वंदनेच्या वेळी लावलेली अगरबत्ती, यांनीही नाक चुरचुरते आणि वाहते. हे वावडे नव्हे, ही जळजळ. पण ज्याला वावडे आहे त्याचा त्रास या धुराने दुप्पट होतो.

दिवस मोजा, झोप पाहा

आता महत्त्वाची गोष्ट. वावडे आहे एवढे कळून भागत नाही, ते कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवावे लागते. पूर्वी दोनच प्रकार मानत : ऋतूपुरते आणि बारमाही. परागकणांचे ऋतूपुरते, धुळीचे बारमाही. पण आपल्या हवेत ही वाटणी नीट बसत नाही. धूळकिडा बारा महिने असतो, तरी त्रास पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. एकाच मुलाला दोन-तीन गोष्टींचे वावडे असते ते निराळेच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तज्ज्ञांनी २००१ मध्ये नवी वर्गवारी मांडली. जगभर आज तीच चालते. ती इतकी सोपी आहे की चौथी शिकलेली आईसुद्धा ती लावू शकेल.

पहिला प्रश्न दिवसांचा. त्रास आठवड्यात चारपेक्षा कमी दिवस असेल, किंवा चार आठवड्यांपेक्षा कमी टिकत असेल, तर तो ‘अधूनमधूनचा’. आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असेल, तर तो ‘टिकून राहिलेला’.

दुसरा प्रश्न जोराचा. त्यासाठी चार गोष्टी विचाराव्यात. झोप मोडते का? खेळणे-बागडणे कमी झाले आहे का? शाळेत किंवा अभ्यासात अडथळा येतो का? लक्षणे मुलाला नकोशी होण्याइतकी आहेत का? चारही उत्तरे ‘नाही’ असतील तर दुखणे ‘सौम्य’. एकही उत्तर ‘होय’ आले तर ‘मध्यम ते तीव्र’.

दोन्ही प्रश्न मिळून चार गट होतात. उदाहरण घेऊ. समजा, एक मुलगी फक्त दिवाळीच्या साफसफाईत तीन-चार दिवस शिंकते, पण रात्री गाढ झोपते. तिचा त्रास अधूनमधूनचा आणि सौम्य. दुसरा मुलगा गावी आजीकडे गेला की जुन्या गोधडीत आठवडाभर बेजार होतो, रात्री उठून बसतो, पण घरी आला की ठणठणीत. त्याचा अधूनमधूनचा, पण मध्यम ते तीव्र. तिसरी मुलगी जून ते ऑक्टोबर रोज सकाळी दहा-पंधरा शिंका देते आणि मग दिवसभर मजेत असते. तिचा टिकून राहिलेला, सौम्य. चौथा मुलगा फारसा शिंकतच नाही. त्याचे नाक फक्त बंद असते, तो तोंड उघडे टाकून झोपतो आणि वर्गात पेंगतो. त्याचा टिकून राहिलेला आणि मध्यम ते तीव्र.

गंमत अशी की घरातले लोक शिंकणाऱ्या मुलीला दवाखान्यात नेतात आणि या चौथ्या मुलाला शाळेत मार खायला पाठवतात. कारण शिंक ऐकू येते, बंद नाक ऐकू येत नाही. रोज रोज धूळकिड्याशी गाठ पडली की शिंका कमी होतात आणि नाकाच्या आतली कातडी सुजून राहते. म्हणून या वावड्यात चोंदलेले नाक हेच पुष्कळदा मुख्य लक्षण असते. सर्वांत जास्त लक्ष अशाच मुलाकडे द्यायला हवे.

हे सारे ठरवण्यासाठी एक साधी युक्ती सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार आठवडे खूण करा. ज्या दिवशी शिंका किंवा पाणी, त्या दिवशी एक रेघ. नाक बंद, तर फुली. रात्री झोप मोडली, तर गोल. शाळा बुडाली, तर ‘शा’. महिन्यानंतर ते कॅलेंडर डॉक्टरसमोर ठेवा. ‘सदाचीच सर्दी आहे’ या वाक्यापेक्षा तो कागद त्यांना शंभर पटीने जास्त सांगेल.

तपासणी केव्हा आणि कोणती

डॉक्टर प्रथम नाकात दिवा टाकून पाहतात. वावड्यात आतली कातडी फिकट, सुजलेली आणि ओलसर दिसते. ते कान तपासतात, कारण नाक बंद राहिल्याने कानाच्या पडद्यामागे पाणी साठून मुलाला कमी ऐकू येते. छाती तपासतात, कारण नाकाचे वावडे आणि दमा ही सख्खी भावंडे आहेत. रात्रीचा कोरडा खोकला, खेळताना लागणारी धाप, छातीतली शिट्टी, यांपैकी काही असेल तर आपण होऊन सांगावे.

पुष्कळ मुलांचे निदान एवढ्यावरच होते आणि उपचार सुरू करता येतात. वावडे नेमके कशाचे, हे पक्के करायचे असेल तर दोन तपासण्या आहेत.

पहिली कातडीवरची टोचणी. हाताच्या पुढच्या भागावर धूळकिडा, परागकण, बुरशी, झुरळ यांच्या अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून बारीक टोकाने वरवर टोचतात. सोबत एक साध्या मिठाच्या पाण्याचा थेंब आणि एक हिस्टामिनचा थेंब तुलनेसाठी असतो. पंधरा-वीस मिनिटांनी पाहतात. साध्या पाण्याच्या जागेपेक्षा किमान तीन मिलीमीटर मोठी गांध उठली तर ती तपासणी होकारार्थी. लहान मुलांवरही ती करता येते. फार दुखत नाही. मात्र त्याआधी साधारण आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या-औषधे बंद ठेवावी लागतात, नाहीतर खोटा ‘नाही’ येतो. ती जाणत्या डॉक्टरसमोरच करावी. दमा उसळलेला असताना करू नये.

दुसरी रक्ताची. तीत धूळकिड्याविरुद्ध शरीराने तयार केलेले आय-जी-ई नावाचे द्रव्य मोजतात. त्यासाठी औषध थांबवावे लागत नाही.

आता सावधगिरीचा शब्द. या दोन्ही तपासण्या ‘होय’ आल्या म्हणजे दुखणे आहेच असे नाही. शरीराने त्या वस्तूची दखल घेतली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या मुलाला काही त्रासच नाही त्याचीही तपासणी ‘होय’ येऊ शकते. कागदावरचे ‘होय’ आणि कॅलेंडरवरच्या खुणा जुळल्या, तरच निदान पक्के. रक्तातले एकूण आय-जी-ई किंवा इओसिनोफिल वाढलेले असणे हासुद्धा पुरावा नव्हे. आपल्याकडे जंतांमुळेही ते वाढतात.

काही ठिकाणी हजारो रुपये घेऊन शंभर-दीडशे वस्तूंची यादी हातात देतात. त्यात अंडे, दूध, शेंगदाणे, मासे, डाळ असे सारे असते आणि घाबरलेले आईबाप मुलाचे खाणे तोडतात. नुसत्या नाकाच्या त्रासाचे कारण अन्न क्वचितच असते. वाढत्या वयाच्या मुलाचे अंडे आणि दूध केवळ अशा यादीवरून बंद करू नये. तीच गोष्ट केळ्याची आणि दह्याची. ती खाऊन धूळकिड्याचे वावडे होत नाही.

गट ठरला की औषध ठरते

वर्गवारीचा उपयोग येथे होतो. अधूनमधूनच्या सौम्य त्रासाला झापड न आणणारे अ‍ॅलर्जीचे औषध गरजेपुरते पुरते. मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी नाक साफ ठेवले तरी पुष्कळ आराम पडतो. टिकून राहिलेल्या, झोप मोडणाऱ्या त्रासाला मात्र तेवढे पुरत नाही. त्याला नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा रोज, काही आठवडे, नेमाने द्यावा लागतो. आमच्या वाचकांना स्टिरॉइड या शब्दाची भीती वाटते हे आम्ही जाणतो. फवाऱ्यातले औषध अगदी अल्प प्रमाणात असते, ते नाकातच काम करते आणि त्यातली काही दोन वर्षांवरील मुलांना देता येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मुलाची उंची अधूनमधून मोजत ते दिले तर भीतीचे कारण नाही. भीती बाळगावी ती स्टिरॉइडच्या गोळ्यांची आणि इंजेक्शनांची. ‘एका सुईत सर्दी गायब’ म्हणणाऱ्याकडे लहान मुलाला पुन्हा नेऊ नये. मोंटेलुकास्ट नावाची गोळीही सर्रास दिली जाते. तिने काही मुलांचा स्वभाव बदलतो, वाईट स्वप्ने पडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर कडक इशारा छापायला लावला. डॉक्टरांना तिची गरज जरूर विचारावी.

नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक उलट जास्त चोंदते. लहान मुलांना ते आपल्या मनाने कधीच घालू नयेत. दुकानातून सर्दीचे मिश्र सिरप आणणेही थांबवायला हवे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात विषारी कफ सिरपने लहान मुले दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

घरात काय करता येईल?

दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तेथे परदेशी पुस्तकातले उपाय सांगून उपयोग नाही. एकच उपाय करून फारसा फरक पडत नाही. जमतील तेवढे एकत्र करावेत.

मुलाची चादर, उशीचा अभ्रा आणि पांघरूण आठवड्यातून एकदा चांगल्या कढत पाण्यात धुवावे. ६० अंशांच्या पाण्यात किडे मरतात. गार पाण्याने ते मरत नाहीत, पण विष्ठेचे कण पुष्कळसे निघून जातात. जुन्या कापसाच्या गादीऐवजी मुलाला चटईवर धुतलेली, पातळ गोधडी घालावी. गादीच हवी असेल तर तिला घट्ट विणीची किंवा प्लास्टिकची खोळ शिवून वर चादर घालावी. ऊन असेल तेव्हा अंथरूण वाळवावे. नुसत्या उन्हाने किडे मरतील, पण चुरा आतच राहतो, म्हणून ते मोठ्या माणसाने बाहेर नेऊन झटकावे. मुलाकडून हे काम करून घेऊ नये. अंथरूण काढताना, झाडताना आणि त्यानंतर अर्धा तास मुलाला खोलीबाहेर ठेवावे. कोरड्या झाडूनंतर ओल्या फडक्याने पुसावे. झोपायची जागा ओल आलेल्या भिंतीपासून दूर ठेवावी. ओले कपडे खोलीत वाळत घातले की ओलावा वाढतो, शक्य तेवढे ते बाहेर टाकावेत. घरात विडी-सिगारेट ओढणाऱ्याने दाराबाहेर जावे, यात कमीपणा मानू नये.

पुढील लक्षणे दिसली तर कॅलेंडर भरत बसू नये, मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे : श्वास जोरजोराने चालणे, बरगड्या आत ओढल्या जाणे, ओठ निळसर होणे, बोलताना वाक्य पुरे न होणे. एका नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवावे. मुंबईत केईएम, नायर, शीव या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत बालरोग आणि कान-नाक-घसा असे दोन्ही विभाग आहेत. सकाळची पाळी बुडेल म्हणून टाळाटाळ करू नये. आई गेली नाही तर बापाने जावे.

आणि एक विनंती. आपल्या वस्तीत जे मूल वर्गात पेंगते, ज्याचे तोंड सदा उघडे असते, त्याला मठ्ठ म्हणण्याआधी त्याच्या आईला एकच प्रश्न विचारा : ‘रात्री याचे नाक मोकळे असते का?’ गुरुजींनाही हा प्रश्न माहीत असू द्या. हे पान वाचून झाल्यावर शेजारच्या घरात द्या.

नाकाचा फवारा मुलाला नेमका कसा मारावा, हे पुष्कळांना माहीत नसते आणि औषध घशात उतरून वाया जाते. त्याची रीत पुढील अंकात सांगू. तोपर्यंत कॅलेंडरवर खुणा सुरू करा.